पंचविसाच्या गाडीला रस्ता कुठे आहे?

मंडळी, हल्ली पेपर उघडला की एक शब्द हमखास दिसतो, 'ईव्ही हब'. आपलं छत्रपती संभाजीनगर (पुण्यामुंबईची आणि परदेशातली भाचेमंडळी अजून औरंगाबादच म्हणतात, म्हणोत बापडी) आता विजेवरच्या गाड्यांची राजधानी होणार म्हणे. बातम्या काही खोट्या नाहीत. २०२४ च्या जूनमध्ये एथर कंपनीने बिडकीनला ऑरिकमध्ये स्कूटरचा कारखाना काढायचं जाहीर केलं. गुंतवणूक दोन हजार कोटींच्या वर आणि वर्षाला दहा लाख गाड्यांपर्यंत क्षमता. त्याच्या पुढच्याच महिन्यात टोयोटाचा वीस हजार कोटींचा करार झाला. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाल्यावर हे गाव कसं बदललं ते आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे कारखान्यांना नावं ठेवायला मी बसलेली नाही. पोरांना कामं मिळतील, चांगलंच आहे.

माझा प्रश्न अगदी साधा आहे. बिडकीनला तयार झालेली ती छोटी स्कूटर घेऊन एखादी बाई सिडकोतून औरंगपुऱ्यात भाजीला निघाली, तर तिने नेमकं कुठून जायचं?

हसू नका. मी स्वतः गेली काही वर्षं कमी वेगाची विजेवरची स्कूटर चालवते आहे. सत्तरी ओलांडलेल्या बाईने आता घरात बसावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा लेख इथेच सोडावा. बाकीच्यांसाठी थोडी माहिती देते, कारण पुष्कळांना हा प्रकारच ठाऊक नसतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आहे. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर कायद्याच्या नजरेत ते 'मोटार वाहन'च नाही. त्याला नोंदणी नको, नंबरप्लेट नको आणि चालवणाऱ्याला लायसन्सही नको. म्हणजे सरकारने एक वाहन असं ठेवलं, की जे वयस्कर माणूस, कॉलेजातली मुलगी, चार घरी स्वयंपाकाला जाणारी बाई, कुणीही कमी खर्चात वापरू शकेल. पायडल मारता मारता मोटरची मदत घेणारी इलेक्ट्रिक सायकलही याच वर्गात येते. कल्पना उत्तम आहे. गाडी रात्री घरच्या प्लगला लावली, दोनेक युनिट वीज खाल्ली, की पन्नास-साठ किलोमीटरची सोय होते.

आता याच्या शेजारी दुसरा कागद ठेवा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीची कमाल वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे आणि मोटारसायकलची ६०. त्याहून कमी मर्यादा ठरवायचा अधिकार राज्यांना आणि स्थानिक यंत्रणेला आहे, पण तो वापरला तर ना! म्हणजे एकाच डांबरावर एक गाडी पंचविसाने जाणार आणि दुसरीला सत्तरची मुभा. मी भाषेची शिक्षिका, गणिताशी माझं फारसं सख्य नाही. पण विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या एका जुन्या सहकारी बाईंनी मला समजावलं, की टकरीचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीच गाडी पंचविसाऐवजी सत्तरने आदळली तर जोर जवळजवळ आठपट. वर मोटारीचं वजन स्कूटरच्या पंधरा-वीसपट, ते वेगळंच.

थोडक्यात, कायद्याने या गाडीला जन्म दिला आणि वाढायला जालना रोडवर सोडून दिलं.

जालना रोड ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. बाबा पेट्रोल पंपापासून चिकलठाण्यापर्यंत शहराचा सगळा जीव त्या एका रस्त्यावर. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको, सगळीकडे उड्डाणपूल. हे पूल बांधले कुणासाठी? ज्याला चौकात थांबायचं नाही त्याच्यासाठी. ज्याला चौकातच उतरून कापड घ्यायचंय, नातवाला क्लासला सोडायचंय, तो पुलाखाली रिक्षा, हातगाड्या आणि वळणाऱ्या बस यांच्या गर्दीत. डाव्या कडेने जावं तर तिथे मोटारी उभ्या. जरा मधून जावं तर मागून हॉर्न. "आजी, घरी बसा ना" हे मी हेल्मेटमधूनसुद्धा नीट ऐकलेलं आहे.

(कायद्याने या गाडीला हेल्मेटची सक्ती नाही. तरी मी घालते. तुम्हीही घाला.)

माझं म्हणणं एवढंच आहे, की छोटं विजेचं वाहन शहरात रुजायचं असेल तर अनुदान आणि कारखाने यांच्या आधी त्याला चार गोष्टी लागतात. हळू चालायला जागा, धड रस्ता, उभं करायला कोपरा आणि रात्री चार्ज करायला सुरक्षित प्लग. या चारही गोष्टींना फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. त्या देणं महापालिकेच्या, वाहतूक पोलिसांच्या आणि आपल्या सोसायट्यांच्या हातात आहे. आणि नेमक्या याच चार गोष्टींवर कुणी बोलत नाही.

बोलतात कशावर, तर मोटारींवर. या गावाला मोटारींचं वेड जुनंच आहे. २०१० साली इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, देशभर बातमी झाली होती. पुढे 'औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी' या नावाने पुन्हा एकत्र येऊन शंभरावर इलेक्ट्रिक मोटारी घेतल्या. मर्सिडीजपेक्षा हे कितीतरी बरं, मान्य. पण मोटार विजेवर चालली म्हणून ती रस्त्यावर कमी जागा घेत नाही. गुलमंडीत अडकायचं तिथे ती अडकतेच, फक्त धूर न सोडता.

सरकारचा हिशोबही तसाच. राज्याच्या २०२१ च्या धोरणात दुचाकीला मूळ अनुदान जास्तीत जास्त दहा हजार आणि मोटारीला जास्तीत जास्त दीड लाख. केंद्राची 'फेम-२' योजना २०१९ साली आली, तिच्यात दुचाकीला अनुदान हवं तर ती निदान ताशी ४० ने पळायला हवी अशी अट. म्हणजे जी सगळ्यात हळू, सगळ्यात स्वस्त, तिला काहीच नाही. २०२५ च्या राज्य धोरणात इलेक्ट्रिक मोटारींना समृद्धी महामार्गावर टोलमाफी जाहीर झाली. समृद्धीवर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही, आणि तो नसावा हेच बरोबर. पण मग दुचाकीवाल्याला त्या धोरणाने दिलेल्या सवलतीत माफ करण्यासारखं उरलं काय?

आणि ही तर कमालच ऐका. इलेक्ट्रिक मोटारीवरचा जीएसटी २०१९ च्या ऑगस्टमध्ये बारा टक्क्यांवरून पाच टक्के केला. साध्या, पायाने चालवायच्या सायकलीवरचा बारा टक्केच राहिला. तो पाचवर आला २०२५ च्या सप्टेंबरमध्ये. सहा वर्षं आपल्या देशात वीस लाखांच्या विजेच्या मोटारीवर पाच टक्के कर होता आणि शाळकरी पोराच्या सायकलीवर बारा. प्रदूषण कमी करायचंय म्हणे!

असो. कराचा विषय दिल्लीचा. आपण आपल्या गल्लीत येऊ.

रस्त्याचं घ्या. स्कूटरची चाकं दहा-बारा इंची. मोटार ज्या खड्ड्यावरून 'धप्' करून निघून जाते त्यात या चाकाचा पुढचा भाग आत बसतो आणि माणूस हँडलवरून पुढे. नव्या पाणीयोजनेच्या जलवाहिन्यांसाठी शहरभर रस्ते खोदले. पाणी हवंच आहे, त्याबद्दल तक्रार करणारी बाई या गावात सापडायची नाही. पण चर बुजवताना वर माती-मुरूम टाकून निघून जायचं, पहिल्या पावसात तो खचायचा, हे काही पाणीयोजनेत लिहिलेलं नसेल. आणि चर नेमका रस्त्याच्या कडेला असतो, जिथून हळू चालणाऱ्याने जायचं!

गतिरोधकांचं तर विचारूच नका. इंडियन रोड्स काँग्रेसचं त्याबाबत प्रमाण ठरलेलं आहे. रुंदी ३.७ मीटर, उंची फक्त दहा सेंटिमीटर, म्हणजे ताशी पंचविसाने आलेलं वाहन विनासायास पार व्हावं. योगायोग बघा, आकडा पंचविसाचाच! त्या मापाचा गतिरोधक माझ्या गाडीला मुळीच त्रास देत नाही, तो फक्त माझ्यामागून भरधाव येणाऱ्याला आवरतो. आपल्याकडे मात्र कॉलनीतल्या कुणीतरी गवंड्याला सांगून अर्धा हात रुंदीचा सिमेंटचा वरवंटा घातलेला असतो. त्याने मोठी गाडी थोडी डगमगते, छोटी स्कूटर खालून घासते आणि सायकलवाल्याची कंबर जाते. ज्याला आवरायचं तो बाजूच्या फटीतून बाइक काढून तसाच सुसाट.

आता पार्किंग. एका मोटारीला उभं राहायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते. तेवढ्यात सहा स्कूटर उभ्या राहतात. निराला बाजारात किंवा औरंगपुऱ्यात संध्याकाळी जाऊन बघा, रस्त्याच्या कडेची ही महागडी जागा कोण वापरतंय. तासन् तास उभी मोटार. तिच्यासाठी हळू चालणाऱ्यांची कड गेली, पायी चालणाऱ्याचा फूटपाथ गेला. आणि 'रस्ते अरुंद आहेत हो, सायकलीला वेगळी पट्टी कुठून देणार' असं सांगणारे हेच मोटारवाले!

रस्ते अरुंद नाहीत. रस्त्याच्या कडा फुकट वाटल्या गेल्या आहेत.

सायकलपट्टीचा प्रयोग आपल्याकडे झालाच नाही असं नाही. २०२० साली केंद्राने 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' नावाचा उपक्रम काढला, त्यात आपलं शहरही होतं. क्रांती चौक ते रेल्वे स्टेशन रस्त्याच्या कडेला पट्टी आखली गेली. पुण्याने तर २०१७ च्या डिसेंबरात अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, भाड्याच्या रंगीत सायकली आल्या, फोटो निघाले. वर्षा-दोन वर्षांत त्या सायकली दिसेनाशा झाल्या. पुण्यातली वाचकमंडळी मला सांगतील त्या पट्ट्यांवर आज काय उभं असतं ते. पट्टी आखायला एक रंगाचा डबा पुरतो. तिच्यावर लावलेली पहिली मोटार उचलायला मात्र हिंमत लागते. ती पहिली मोटार उचलली नाही, की दुसऱ्या दिवशी दहा लागतात. तिसऱ्या दिवशी लोक म्हणतात, "बघा, पट्टी कुणी वापरतच नाही."

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. भाड्याची स्कूटर आणि स्वतःची स्कूटर या वेगळ्या गोष्टी आहेत. पॅरिसमध्ये २०२३ साली भाड्याच्या उभ्या स्कूटर लोकांनी मतदान करून बंद पाडल्या, तेव्हा इथले काही विद्वान म्हणाले, बघा, पॅरिसनेसुद्धा हा नाद सोडला. पॅरिसने सोडल्या त्या कुठेही टाकून दिलेल्या भाड्याच्या. स्वतःच्या मालकीच्या तिथे अजून चालतात. माणूस स्वतःची गाडी फूटपाथवर आडवी टाकून जात नाही. आणि त्याच पॅरिसने २०२१ च्या ऑगस्टपासून बहुतेक रस्त्यांवर मोटारींना तीसची मर्यादा घातली आहे. ॲमस्टरडॅमने २०२३ च्या डिसेंबरात तेच केलं. मोटार तीसने आणि स्कूटर पंचविसाने जाऊ लागली की वेगळ्या पट्टीचीही फारशी गरज राहत नाही, दोघी एका रस्त्यावर नांदू शकतात. हे विद्वान सांगत नाहीत.

'तिकडचं इकडे चालत नाही' असं म्हणणाऱ्यांना मी आपलं जुनं शहर दाखवीन. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. सिटी चौक, गुलमंडी, शहागंज, पैठण गेट हा सगळा भाग माणसाच्या आणि घोड्याच्या चालीने वाढलेला आहे. त्या बोळांतून आजही छोटी दुचाकी सुखाने जाते आणि मोटार दरवाजाच्या कमानीत फसून मागे शंभर माणसांना खोळंबून ठेवते. हा भाग पंचविसाच्या गाडीसाठीच बांधल्यासारखा आहे. तिथे वीसची मर्यादा लावा, मोटारी बाहेर थांबवा, आत चालणारे, सायकली, छोट्या विजेच्या गाड्या आणि गरजेपुरत्या रिक्षा. दुकानदार ओरडतील. ओरडू देत. गुलमंडीतला गिऱ्हाईक आजसुद्धा चालत किंवा दुचाकीवरच येतो, मोटारवाला मॉलमध्ये जातो हे त्यांनाही माहीत आहे.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. चार्जिंग.

३ एप्रिल २०२४ ची पहाट आपल्यापैकी कुणी विसरलं नसेल. छावणीत दाणा बाजारात शिंप्याच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातली सात माणसं गुदमरून गेली, त्यांत लहान लेकरं होती. आग कशाने लागली यावर वेगवेगळं बोललं गेलं, चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक गाडीकडेही बोट दाखवलं गेलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत चीनमधल्या नानजिंग शहरात एका इमारतीत तळमजल्यावर इलेक्ट्रिक सायकली ठेवलेल्या जागी आग लागली आणि पंधरा माणसं दगावली. छावणीच्या आगीनंतर कितीतरी घरांतून मी एकच वाक्य ऐकलं, "ती विजेची गाडी विकून टाका."

भीती समजते. पण तिच्यातून निघालेला निष्कर्ष मला मान्य नाही. घरात गॅसचा सिलिंडर असतोच की. तो कुठे ठेवायचा, नळी केव्हा बदलायची, वास आला तर काय करायचं, हे आपण शिकलो, कंपन्यांना शिकवायला लावलं. बॅटरीच्या बाबतीत हे कुणी केलं? माणूस गाडी घेतो आणि ती लावायला जागा नसते, म्हणून जिन्याखाली किंवा दुकानाच्या आत घेतो. पार्किंगमध्ये प्लग नसतो, म्हणून दुसऱ्या मजल्यावरून एक्स्टेन्शन बोर्डाची वायर लोंबकळत सोडतो. अर्थिंग आहे की नाही ते बघत नाही. रात्रभर लावून झोपतो, तीही नेमकी घरातून बाहेर पडायच्या एकुलत्या एका वाटेवर. धोका गाडीत आहेच, पण तो दसपट होतो तो या जागेमुळे. जिन्यात आग लागली तर वरच्यांनी उतरायचं कुठून?

सोसायट्यांचा अनुभव तर आणखीन मासलेवाईक. एका ओळखीच्या सोसायटीत पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून प्लग काढायची परवानगी मागितली, तर कमिटीने सहा महिने 'पुढच्या मीटिंगला बघू' केलं. शेवटी त्या गृहस्थांनी गाडी लिफ्टने वर नेऊन हॉलमध्ये चार्ज करायला सुरुवात केली. कमिटीला ते चाललं! केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच स्पष्ट केलं आहे, की चार्जिंगला विजेचा वेगळा परवाना लागत नाही. आपल्या घरच्या जोडणीवरून आपली गाडी चार्ज करता येते हेही २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं आहे. नव्या इमारतींत पार्किंगच्या वीस टक्के जागेला चार्जिंगची सोय हवी ही तरतूद २०१९ साली आदर्श उपविधींत आली. पण माझ्यासारखी निम्मी जनता राहते जुन्या सिडको-हडकोत आणि चार मजली अपार्टमेंटांत. तिथे नवे नियम पोचत नाहीत, वायरीच पोचतात.

आता नेहमीच्या दोन आक्षेपांना उत्तर देऊन टाकते.

पहिला, "वीज तरी कोळशाचीच ना?" हो, बरीचशी कोळशाचीच. म्हणूनच छोटी गाडी हवी. इलेक्ट्रिक मोटारीला एका किलोमीटरला जेवढी वीज लागते तेवढ्यात छोटी स्कूटर चार-पाच किलोमीटर जाते, आणि पायडलची इलेक्ट्रिक सायकल दहाच्याही वर. कोळशाची एवढी काळजी असेल तर आधी मोटारीतून उतरा.

दुसरा, "हे इलेक्ट्रिकवाले कुठूनही घुसतात, शिस्त नाही." खरं आहे. उलट्या दिशेने येतात, सिग्नल तोडतात. काही दुकानदार मोटरमध्ये फेरफार करून पंचविसाची गाडी पंचेचाळीसवर नेऊन देतात आणि नोंदणीतून सुटका मिळाल्याचा फायदा घेतात. अशांना पकडाच. पण पकडताना ज्याने ती गाडी तशी विकली त्याच्या दुकानापर्यंत जा, नुसतं गिऱ्हाईकाला दंड करून थांबू नका. आणि एक सांगते, मी वर्गात पाहिलं आहे, ज्या पोराला बसायला बाकच दिलेलं नाही त्याला 'जागेवर बस' म्हणून ओरडता येत नाही. आधी बाक द्या, मग छडी काढा.

हा सगळा विषय आत्ताच काढायचं कारण आहे. २०२५ च्या जून-जुलैत महापालिकेने मुकुंदवाडी, बीड बायपास, पैठण रोड, पडेगाव, हर्सूल अशा भागांत मोठी पाडापाडी केली. कुणाचं दुकान गेलं, कुणाची पुढची खोली गेली. ते कायदेशीर की बेकायदेशीर या वादात मी शिरत नाही. पण ज्यांचं गेलं त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं. त्यातून रस्ते मोकळे झाले, अनेक वर्षांनी या शहराच्या हातात रुंदी आली. आता 'रुंदीकरण', 'सर्व्हिस रोड' हे शब्द कानावर पडतात. या रुंदीचं करणार काय? मधले डांबर आणखी रुंद करून मोटारींना आणखी जोरात पळवणार आणि कडेला पुन्हा फुकट पार्किंग भरणार? मग त्या लोकांची घरं-दुकानं कुणासाठी पाडली? एकदा डांबर पडलं, दुभाजक बसला, की पुढची तीस वर्षं कुणी हात लावत नाही. आमच्या पिढीने जालना रोडच्या बाबतीत हे पाहिलंय. म्हणून आत्ताच मागायला हवं.

माझ्या मागण्या लिहून देते.

१) मोकळ्या झालेल्या प्रत्येक रस्त्याला कडेने दोन-अडीच मीटरची हळू वाहनांची पट्टी. सायकल, इलेक्ट्रिक सायकल, पंचविसाची स्कूटर, अपंगांची तीनचाकी, सगळ्यांसाठी एकच. मध्ये रंगाची रेघ नको, सिमेंटचा कठडा हवा.

२) कॉलन्यांच्या आतले रस्ते आणि जुनं शहर इथे तीसच्या आत मर्यादा, आणि गतिरोधक प्रमाणित मापाचेच. घरगुती वरवंटे काढून टाका.

३) रस्ता खोदणाऱ्याने तो होता तसा करून दिल्याशिवाय त्याचं बिल काढू नये.

४) बाजारात प्रत्येक दहा मोटारींच्या जागेमागे एक जागा छोट्या गाड्यांना. बाकीच्या नऊ जागांना तासाप्रमाणे पैसे लावा.

५) प्रत्येक प्रभागात, उघड्यावर, जिन्यापासून लांब, पत्र्याची शेड, अर्थिंग केलेले प्लग आणि मीटर. आणि अग्निशमन दलाने सोसायट्यांत जाऊन बॅटरी कुठे ठेवायची हे गॅस सिलिंडरसारखं समजावून सांगावं.

यात कुठे उड्डाणपूल आहे का? परदेशी सल्लागार आहे का? एका उड्डाणपुलाच्या खर्चात सगळ्या शहराच्या शेड उभ्या राहतील. पण शेडचं भूमिपूजन करायला मंत्री येत नाहीत, हीच अडचण असावी.

आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून खेड्यातल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली देतात. मी शिकवत होते तेव्हापासून बघते आहे, सायकल मिळालेली मुलगी शाळा सोडत नाही, निदान लवकर सोडत नाही. वाहनाने माणसाला काय मिळतं ते त्या मुलीच्या चेहऱ्यावर दिसतं. हीच मुलगी पुढे कॉलेजसाठी शहरात येते तेव्हा ती सायकल घरी सोडून येते. का? तर 'शहरात सायकल चालवायची? मरायचंय का?' असं तिचे वडील विचारतात. आणि ते चूक नसतात. खेड्यात जे वाहन तिला शाळेत नेत होतं ते चालवायला शहरात भीती वाटते, आणि त्याच शहराला आपण वाहनांची राजधानी म्हणून मिरवतो आहोत.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आलं, की ईव्ही हबचं कौतुक ऐकून घ्या, चहा पाजा आणि मग विचारा, आमच्या वॉर्डात पंचविसाच्या गाडीला रस्ता कुठून? उत्तर 'बघू' असं आलं तर काय करायचं ते तुम्ही सुज्ञ आहातच.

पुणे, नाशिक, नागपूर आणि परदेशातल्या मंडळींनी आपापल्या गावची हकिकत जरूर कळवावी. आणि सगळ्यांनी एक काम करा, आज रात्री जेवण झाल्यावर खाली उतरा आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये विजेची गाडी कुठे चार्ज होते ते स्वतः बघा. जिन्यात होत असेल, तर कमिटीच्या पुढच्या मीटिंगची वाट बघू नका.